वफ्रातला रशियन कागद

कुवेतहून परत आल्यापासून भेटेल तो दोनच गोष्टी विचारतो. सोनं आणलंत का, आणि फार उकडत होतं का? सोनं आणलं नाही आणि फार उकडत होतं. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. मलाही बरं वाटतं, कारण हल्ली बोलायचाच कंटाळा येतो. पण तिथले शेवटचे काही दिवस डोक्यातून जात नाहीत, म्हणून एकदाच काय ते लिहून मोकळी होते.

मी नाशिकची. ऐन तारुण्यात रशियन शिकले, एका सरकारी कारखान्यात रशियन इंजिनियरांची दुभाषी म्हणून दहा वर्षं काढली आणि पुढे निवृत्त होईपर्यंत कॉलेजात रशियन शिकवलं. या भाषेनं मला पगार दिला, जिवाभावाची माणसं दिली आणि गेली काही वर्षं नुसता मनस्ताप दिला. युद्धाची बातमी आली की सोसायटीतले लोक माझ्याकडे असे बघतात, जसे काही रणगाडे मीच पाठवले. लेक मृणाल आणि जावई अनिरुद्ध कुवेतला असतात. तो पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनियर आहे. दिवाळीला ये म्हणून दोघं तीन वर्षं मागे लागले होते. यंदा गेले.

पहिली फजिती मुंबईच्या विमानतळावरच झाली. आत शिरणार तेवढ्यात मृणालचा फोन. "आई, अनारशांना खसखस नाही ना लावलीस? इकडे चालत नाही, अफूचं बी म्हणून धरतात." मी चाळीस अनारसे घेतले होते आणि चाळिसांना खसखस होती. एका बाकावर बसून नखानं खरवडायला लागले. तिसऱ्या अनारशाला हात टेकले. दोन खाल्ले आणि डबा तिथल्या सफाईवाल्या बाईंच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, "खराब झालेत का?" म्हटलं, "नाही हो, कुवेतला चालत नाहीत." त्यांचा काही विश्वास बसला नाही.

महबूला

मृणालचं घर महबूल्यात, नवव्या मजल्यावर. समुद्राकाठी उंच इमारतींची रांग आणि तिच्यात सगळा भारत कोंबलेला. लिफ्टमध्ये मल्याळम, तेलुगू आणि हिंदी ऐकू येते. अरबी ऐकायची तर खालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात जावं लागतं. नात इरा दहा वर्षांची. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि आमचं छान चालतं. मध्ये दुभाषी लागत नाही, एवढ्यावर समाधान मानायचं.

दिवसभर एसीच्या आवाजात पडून राहायचं आणि ऊन उतरल्यावर समुद्रावर जायचं, असा क्रम होता. पहिल्या संध्याकाळी पाण्यात पाय घातले तर पाणी चक्क कोमट! मला हसूच आलं. रशियाचं सगळ्यात जुनं दुखणं कुठलं असेल तर हे कोमट पाणी. त्यांची उत्तरेकडची बंदरं हिवाळ्यात गोठतात, म्हणून झारांच्या काळापासून तो देश न गोठणारा समुद्र शोधत दक्षिणेकडे सरकतो आहे. कधी काळा समुद्र, कधी इराण, कधी अफगाणिस्तान. सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्या युद्धनौका याच कुवेतच्या बंदरात नांगर टाकून गेल्या. भूमध्य समुद्रापासून इथपर्यंत रेल्वे आणायची टूमही निघाली होती. इंग्रजांच्या पोटात गोळा आला होता. आमच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला थारा द्यायचा नाही, असा करार त्यांनी इथल्या शेखांकडून आधीच गुपचूप करून घेतला होता. एकानं दार ठोठावायच्या आत दुसऱ्यानं कडी लावली. घर तिसऱ्याचंच होतं.

"आजी, यू आर टॉकिंग टू द सी," इरा म्हणाली. बोलत होते खरी. तालीम चालली होती. इथल्या मराठी मंडळाला दिवाळीच्या कार्यक्रमासाठी गायक मिळाला नव्हता, म्हणून मृणालनं माझं नाव सुचवलं होतं: विषय 'रशियाची महत्त्वाकांक्षा, काल आणि आज', वीस मिनिटं, नंतर फराळ.

शर्क

मासळी घ्यायला आम्ही शर्कच्या बाजारात गेलो. बाजार कसला, वातानुकूलित दवाखानाच. फरशी इतकी स्वच्छ की मासे अवघडून पडल्यासारखे दिसत होते. आपल्या पापलेटाला इथे झुबैदी म्हणतात आणि भाव असा सांगतात की घेणाऱ्यानं आधी बसून घ्यावं. मृणालचे ठरलेले मासळीवाले दाऊदभाई. मूळचे हर्णैचे, तीस वर्षं इथे. मराठी ऐकल्यावर त्यांनी बर्फाखालून वेगळी झुबैदी काढली.

"ही तुमाला. वरची अरबांना," ते हळूच म्हणाले. मी रशियन शिकवायची हे मृणालनं सांगितल्यावर त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली. "रशिया कसा देश हाय हो, मॅडम? आमचा भाचा सलीम चाललाय तिकडं. इथं वफ्राला शेतावर ड्रायव्हर होता. शेत विकलं, कफील, म्हनजे व्हिसावाला मालक, म्हनतो या महिन्यानंतर इकामा, इथं राहायचा परवाना, नाय वाढवायचा. पन देवाची मेहेरबानी, रशियात सर्विस लागली त्याला."

"अरे वा, छान झालं की!" मी म्हटलं. आपल्याकडे सर्विस लागली म्हटल्यावर माणूस दुसरं काय म्हणतो? मुलीचं लग्न ठरलं म्हटल्यावर म्हणतो तसंच ते तोंडातून येतं. कसली सर्विस, कुठे, हे मी विचारलंच नाही. थंडीचे कपडे चांगले घ्यायला सांगा, एवढा सल्ला मात्र दिला.

मंडळाचं सभागृह

व्याख्यान सुरू झालं तेव्हा पहिल्या दोन रांगा ऐकत होत्या आणि मागे पोरं पळत होती. मी तयारी करून गेले होते. झारांना शेजाऱ्याच्या घरात शिरायचं असलं की ते 'धर्मबांधवांचं रक्षण' असे. सोव्हिएत काळात त्याचंच नाव 'बंधुत्वाची मदत' झालं. हल्ली 'विशेष कारवाई' म्हणतात. काबूलमध्ये रणगाडे शिरले तेव्हा मी कारखान्यात होते. आमच्या मुख्य रशियन इंजिनियरांनी चहाच्या वेळी 'आंतरराष्ट्रीय कर्तव्य' असा शब्द वापरला आणि मी तो सफाईनं मराठीत उतरवला. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. ते इंजिनियर फार सज्जन होते. पिठलं मागून खायचे, माझ्या लग्नात फेट्याला हात लावून नाचले होते. देश आणि माणूस यांचा हिशेब वेगवेगळा करायला मी त्यांच्यामुळेच शिकले, आणि त्यात पुढे किती सवलत देत गेले ते माझं मलाच कळलं नाही.

मग कुवेतवर आले. ऐंशीच्या दशकात आखातात तेलाच्या बोटींवर हल्ले व्हायला लागले तेव्हा कुवेतनं मॉस्कोचे टँकर भाड्यानं घेतले. ते पाहून अमेरिका लगबगीनं आली. नव्वद साली इराकचे रणगाडे इथे शिरले ते रशियन बनावटीचे, आणि संयुक्त राष्ट्रसंघात मॉस्कोनं हात वर केला तो कुवेतच्या बाजूनं. अलीकडे सीरियात दमास्कसचा जुना मित्र सत्तेवरून पडला, तर त्याला मॉस्कोत आसरा मिळाला, गादी काही वाचली नाही. दूरच्या मैत्रीचं असंच असतं, हे मी सांगत होते. पण बाहेर बटाटेवडे तळले जात होते आणि वास माझ्यापेक्षा चांगलं बोलत होता. लोक चुळबुळायला लागले. सभा हातातून चालली की शिक्षकाला वेड लागतं. मी आवाज चढवून म्हणाले, "पण एक सांगते. रशियानं भारतीय माणसाला कधीही दगा दिलेला नाही!"

कडाडून टाळ्या. हे वाक्य माझ्या कागदावर नव्हतं.

फराळाच्या रांगेत दाऊदभाई एका तरुणाला घेऊन आले. सत्तावीस-अठ्ठावीसचा, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट. हाच सलीम. हात छातीला लावून म्हणाला, "मॅडम, जीव जरा धाकधूक करत होता. तुमचं ऐकलं नि मन घट्ट झालं. रविवारचं विमान हाय." मी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि त्याला चकली दिली.

पुन्हा महबूला

दोन दिवसांनी, गुरुवारी सकाळी, दाऊदभाईंनी मृणालच्या फोनवर सलीमचे कागद पाठवले. रशियनमध्ये सहा पानं आणि वर नोकरी जमवणाऱ्या एजंटनं इंग्रजीत टाईप केलेलं एक पान: 'सर्विस कॉन्ट्रॅक्ट, हेल्पर'. खोली मिळणार की नाही तेवढं बघा, असा निरोप होता.

मी चष्मा लावला. पहिल्याच ओळीत शब्द होता स्लूझ्बा. स्लूझ्बा म्हणजे सर्विस, बरोबर. एजंट खोटं बोलला नव्हता. फक्त त्या शब्दाच्या आधी आणखी एक शब्द होता, वायेन्नाया, आणि तो त्यानं इंग्रजीत घेतलाच नव्हता. लष्करी. लष्करी सेवेचा करार. खाली मुदत, शपथ, हुकूम पाळण्याचं कलम, मुदतीआधी सोडता न येण्याचं कलम. सहा पानांत कुठेही हेल्पर नव्हता.

मी दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याले आणि तिसऱ्यांदा वाचलं. शर्कच्या बाजारात मी अरे वा म्हणाले होते. स्टेजवरून तर त्याहून पुढे गेले होते. मला माझीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त थकवा आला, की अजूनही मी तेच करते आहे, त्यांचे शब्द गोड करून आपल्या माणसांना वाढते आहे.

सलीमला फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, एजंट बोलला होता कोन तरी असं सांगंल म्हनून. त्यांचा फॉर्मच तसा असतो. काम किचनमध्ये हाय, गोदामात हाय. आनि तुमीच तर बोललात ना, दगा देत नाय."

मग दाऊदभाईंना फोन केला तर ते रडवेले झाले. "माझं ऐकत नाय तो. तुमचं ऐकंल. तुमी तोंडावर सांगा त्याला."

अनिरुद्धला हे पसंत नव्हतं. "आई, आपण इथे परके आहोत. कुणाच्या कागदपत्रांच्या भानगडीत पडायचं नाही, हा पहिला नियम." तो चुकीचं बोलत नव्हता, त्याला नोकरी होती, घर होतं, इराची शाळा होती. मी म्हटलं, "तू येऊ नकोस. मला टॅक्सी बघून दे." शुक्रवारी सकाळी तो स्वतःच किल्ली फिरवत दारात उभा राहिला आणि म्हणाला, "टॅक्सीवाले वफ्राला नीट नेत नाहीत."

वफ्रा

तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना पिवळट वाळवंट, विजेचे खांब, मधूनच आपल्याच तंद्रीत चाललेले उंट. मग एकदम हिरवं दिसायला लागतं: खजुराच्या रांगा आणि प्लॅस्टिकची लांबच लांब हरितगृहं, आत काकड्या आणि टोमॅटो. सुट्टीच्या दिवशी कुवेती कुटुंबं इथे गाडी भरून भाजी न्यायला येतात. नाशिकच्या माणसाला हे सगळं बघताना बरं वाटायला हवं होतं. मला काही दिसत नव्हतं. मनात नुसती वाक्यं जुळवत होते.

सलीम हरितगृहांच्या मागे पत्र्याच्या खोलीत राहत होता. पाच खाटा, त्यांतल्या चारांवरची अंथरुणं गुंडाळलेली. दाऊदभाई आमच्या आधी येऊन बसले होते. सलीमनं आधी जेवायला लावलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. भात, टोमॅटोचं सार आणि घरून आलेली सुक्या बांगड्याची चटणी. अनिरुद्धनं दोनदा भात घेतला. जेवताना कुणी विषय काढला नाही. हात धुऊन झाल्यावर सलीमच म्हणाला, "बोला मॅडम."

"आधी माझं सांगते," मी म्हटलं. "स्टेजवर मी जे बोलले ते टाळ्यांसाठी बोलले. ते खरं नव्हतं. माझं चुकलं."

तो गोंधळला. मोठ्या बाईनं असं म्हटलेलं त्याला अवघड गेलं असावं. "असं नका बोलू," तो म्हणाला. "पन सर्विसच हाय ना?"

"हो. पलटणीतली."

"मॅडम, मी परत कसा जाऊ?" तो पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "नसीमानं सगळ्या मोहल्ल्यात सांगितलंय, सर्विस लागली म्हनून. पोरगी तीन वर्सांची हाय, तिला पन शिकवलंय, अब्बा रशियाला. आता काय सांगू, इकामा संपला नि आलो?"

 मी वाद घातला नाही. चाळीस वर्षांत वाद घालून कुणाला काही शिकवता आलेलं नाही मला. समोर बसवून वाचून घेतलं तरच काही डोक्यात जातं. त्याला खाटेवर शेजारी बसवलं, कागद दोघांच्या मांडीवर ठेवले आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून आधी रशियन, मग मराठी, असं वाचत गेले. कुठला शब्द सौम्य केला नाही. शपथ आली, हुकूम आला. तो हूं हूं करत होता. त्यानं मनाशी ठरवलेलंच होतं.

शेवटच्या पानावर माहितीचा फॉर्म होता, एजंटनं आधीच रशियनमध्ये टाईप करून भरलेला. नाव, जन्मस्थळ, पासपोर्ट. फक्त सहीची जागा रिकामी होती. तळाच्या ओळीपाशी माझं बोट थांबलं. रशियनमध्ये मरणाला दोन शब्द आहेत. म्हातारपणानं, आजारानं येतं ते स्म्येर्त. बोट बुडाली, गोळी लागली, माणूस धडधाकट असताना गेला, तर ते गीब्येल. फॉर्मवर दुसरा शब्द होता.

"याचा अर्थ," मी म्हटलं, "लढाईत मृत्यू आल्यास कोणाला कळवावे."

"आनि हे काय लिवलंय पुढं? हेट?" त्यानं इंग्रजी अक्षरं समजून वाचलं. एच, ई, टी.

"ते एच नाही. त्यांचा न तसा दिसतो. न्येत."

"म्हनजे?"

"म्हणजे नाही. कोणी नाही."

त्यानं कागद माझ्या हातातून घेतला.  "माझी बायको हाय," तो म्हणाला. आम्हाला नाही, कागदाला सांगितल्यासारखं. "पोरगी हाय." मग अनिरुद्धच्या खिशातलं पेन मागून घेतलं, ती तीन अक्षरं नीट आडवी खोडली आणि वर मराठीत लिहिलं: नसीमा, मु. पो. हर्णै.

मला वाटलं, झालं. चूक दुरुस्त करून हा आता खाली सही करणार. दाऊदभाईंनाही तेच वाटलं असावं, ते तोंड फिरवून बसले. सलीम पेन हातात धरून ती ओळ बघत राहिला. मरणाच्या ओळीत बायकोचं नाव त्याच्याच अक्षरात होतं. बऱ्याच वेळानं त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"मामू, तिकीट मुंबईचं काढा," तो म्हणाला.

दाऊदभाईंनी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि मोठ्यानं रडले. माझेही डोळे भरून आले. इतक्या वर्षांत भाषांतर करून असं कधी झालं नव्हतं. अनिरुद्ध, ज्याला भानगडीत पडायचं नव्हतं, तो म्हणाला, "हे सगळं दूतावासाला लिहायला हवं, आत्ताच," आणि गाडीतून लॅपटॉप आणायला गेला.

मी उठायला लागले तेव्हा सलीमनं विचारलं, "मॅडम, या चौघांचं काय?" त्यानं अंथरुणं गुंडाळलेल्या खाटांकडे हात केला. "आमी पाच जनांनी मिळून एजंटकडं नावं दिलेली. माझा पासपोर्ट कफीलकडं अडकला म्हनून मी मागं राहिलो. ते मंगळवारी गेले. कालपासनं फोन लागत नाय एकाचा पन."

एजंटनं सगळ्यांचे फॉर्म एकाच ग्रुपवर टाकले होते. सलीमनं फोन काढला, पहिला फॉर्म उघडला आणि दोन बोटांनी तळाची ओळ मोठी केली. मग दुसरा उघडला. तिसरा. चौथा. मी चष्मा शोधत होते, पण त्यानं मला वाचायला सांगितलं नाही. तेवढं रशियन त्याला आता येत होतं.